'मॅनिफेस्ट डेस्टिनी' : भूविस्ताराला दिलेले दैवी नाव

१/ "त्या काळी सगळेच तसे मानत होते, आजच्या फूटपट्टीने भूतकाळ मोजू नका." अमेरिकेच्या विस्तारवादाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास पुढे केले जाते. ते खोटे आहे, आणि त्याचे पुरावे त्याच काळाने मागे ठेवले आहेत.

२/ आधी शब्द पाहू. १८४५ च्या उन्हाळ्यात 'डेमोक्रॅटिक रिव्ह्यू' या मासिकात टेक्सासच्या विलीनीकरणाचे समर्थन करताना 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' हा शब्दप्रयोग आला. त्याचे जनकत्व संपादक जॉन ओ'सुलिव्हनकडे दिले जाते. अर्थ असा: साऱ्या खंडावर पसरणे हे विधात्याने अमेरिकनांना नेमून दिलेले, उघड दिसणारे भवितव्य आहे.

३/ 'जिंकले' म्हटले की कोणी, कोणाकडून आणि कोणत्या अधिकाराने, हे विचारता येते. 'नियती' म्हटले की कर्ताच वाक्यातून नाहीसा होतो. सारी करामत इथे आहे.

४/ मे १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पुकारले गेले. फेब्रुवारी १८४८ मध्ये ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला. टेक्सास धरून मेक्सिकोने निम्म्याहून अधिक भूभाग गमावला. अमेरिकेने दीड कोटी डॉलर मोजले. विधात्यानेच दिलेल्या भूमीसाठी आधी तोफा आणि मग खरेदीखत का लागावे?

५/ आता 'सगळेच' कोण ते पाहू. जानेवारी १८४६ मध्ये रॉबर्ट विन्थ्रॉपने प्रतिनिधिगृहातच या कथित हक्काची खिल्ली उडवली. डिसेंबर १८४७ मध्ये लिंकनने विचारले: अमेरिकन रक्त सांडले ती नेमकी जागा अमेरिकेची होती काय? जानेवारी १८४८ मध्ये त्याच सभागृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी हे युद्ध अनावश्यक आणि घटनाबाह्य ठरवले. त्याच युद्धात लढलेल्या ग्रँटनेही पुढे आत्मचरित्रात त्याला अन्याय्य म्हटले.

६/ १८९८ मध्ये स्पेनला २ कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स घेताना हाच खेळ पुन्हा झाला. समर्थक स्वतःला 'विस्तारवादी' म्हणवत. 'साम्राज्यवादी' हा विरोधकांचा शब्द. फिलिपिनो जनतेला कोणीच विचारले नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये तिच्याशीही युद्ध पेटले.

७/ म्हणून 'काळाचा महिमा' ही पळवाट इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. ती विन्थ्रॉप आणि लिंकन यांना त्यांच्याच काळातून हद्दपार करते. आणि ज्यांची भूमी गेली, त्या मेक्सिकन व मूलनिवासी लोकांना तर माणसांतच धरत नाही. विरोध तेव्हाही होता. तो ऐकून घेऊनही भूमी घेतली गेली.