शेजारच्या बाळाच्या आईसाठी एवढं कराल?

नोकरीसाठी सीतापुऱ्यात आलेल्या घरांत बाळ झालं की आई किंवा सासू महिना-दोन महिने येऊन राहते. ती परतली, नवरा शिफ्टला गेला, की दिवसभर बाळ आणि ती. अंघोळ दुपारवर जाते, जेवण राहून जातं, बोलणं कमी होतं. "मदत हवी" असं ती सहसा म्हणत नाही. हे आधी दिसतं ते शेजाऱ्यांना.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात १९७३ साली ‘होम-स्टार्ट’ सुरू झाली. तिचे स्वयंसेवक लहान मुलं असलेल्या घरी नियमित जातात. आपल्याकडे याच्या जवळची सोय म्हणजे आशाताई. राजस्थानात त्यांना आशा सहयोगिनी म्हणतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल, तर ४२ दिवसांत ६ घरभेटी ठरलेल्या असतात. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यातही. नवजात बाळाची अशी घरच्या घरी काळजी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने करून दाखवली.

पण नव्याने भाड्याने आलेलं घर यादीतून सुटू शकतं. म्हणून आधी तिलाच विचारा, "आशाताईंना तुझा नंबर देऊ का?" ती हो म्हणाली, तर अंगणवाडीत कळवा. बाळाचं वय आणि काय जड जातंय, एवढंच सांगा. घरातली भांडणं नकोत. जीव नकोसा झालाय असं ती म्हणाली, तर तिच्याजवळ बसूनच टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावा.

आशाताई बाळ तपासतील, सल्ला देतील. तोवर तासभर बाळ तुम्ही घ्या आणि तिला झोपू द्या.