मतपेटी न मिळालेला संप

डॉ. दत्ता सामंतांचे नाव निघाले, की ‘गिरण्या त्यांनीच बुडवल्या’ हे वाक्य ठरलेलेच. पण हा माणूस मुळात घाटकोपरच्या पंतनगरातला डॉक्टर. दगडखाणीतले मजूर औषधाला येत, त्यातूनच त्यांची युनियन उभी राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मागणी पगारवाढीची होतीच; पण आपल्या वतीने बोलायचे कोणी, हाही प्रश्न होता. १९४६ च्या कायद्याने तो अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. तो कायदा रद्द करा, हे सामंतांचे म्हणणे सरकारने मानले नाही. कामगारांचे मत मतपेटीतून अजमावलेच गेले नाही. (बँकेत आमच्या युनियनशी वाटाघाटी होत, त्याचे आम्हाला अप्रूपही नसे.)

अमेरिकेत फिलिप रँडॉल्फ या कृष्णवर्णीय पुढाऱ्याने १९२५ मध्ये पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांत राबणाऱ्या सेवकांची संघटना हाती घेतली. कंपनीने स्वतःची युनियन पुढे केली. पण १९३४ मध्ये तिथला कायदा बदलला, पुढच्या वर्षी मतदान झाले, रँडॉल्फ यांची संघटना जिंकली आणि १९३७ मध्ये करार झाला. सामंत हट्टी होते, हे खरेच. पण बारा वर्षे चिवटपणे लढणारे रँडॉल्फ काय कमी हट्टी होते?

१६ जानेवारी १९९७ ला पवईत सामंतांचा खून झाला. तोवर तो संप अधिकृतपणे मागे घेतलेला नव्हता.