नव्या कोल्हापुरीला थोडे दिवस द्या

लग्नकार्याला तुम्ही कोल्हापूरला जाता. चप्पल लाइनीतून एक जोड घेता. बडोद्याला सयाजीगंजात घरी परतता आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो पायात घालून कमाटीबागेत फिरायला निघता. पहिली फेरी पुरी होईतो अंगठ्याजवळची कातडी सोललेली असते. मग तो जोड कपाटात जातो आणि तिथेच राहतो.

चप्पल चांगलीच आहे हो. तुम्ही तिला फार लवकर रस्त्यावर काढलंत.

अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते नवं असताना लाकडासारखं ताठ लागतं. पायाची ऊब मिळाली, रोज थोडं थोडं वाकलं, की तेच कातडं तुमच्या पायाचा आकार घेतं. एकदा घेतला की वर्षानुवर्षं धरून ठेवतं. त्यासाठी सुरुवातीला आठ-दहा दिवस सांभाळून घ्या.

आधी जोड खरा चामड्याचा आहे का ते बघा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला तेलाचा एक थेंब लावा. चामडं तेल पिऊन टाकतं. रेक्झिनवर थेंब तसाच राहतो, आणि रेक्झिन कितीही वापरलं तरी पायाला मिळतं घेत नाही. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी नकली माल बाजारात आहेच.

आता तेल. एरंडेल उत्तम. इथल्या दुकानात 'दिवेल' म्हणून मागा. दोन्ही पायांना मिळून एक लहान चमचा पुरे. मऊ फडक्यावर घेऊन पट्ट्याच्या आतून, अंगठ्याच्या कडीला आणि कडांना चोळा. रात्री जोड वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कोरड्या कापडानं पुसा. असं तीन-चार रात्री करा. खोबरेलही चालेल, पण आपल्याकडे थंडीत ते गोठतं, तेव्हा बाटली आधी उन्हात ठेवा.

तेलात बुडवून मात्र ठेवू नका. पट्टा सैल पडतो, पाय पुढे सरकतो, आणि साडीच्या काठाला डाग लागतो तो वेगळाच. पाय ठेवतो तिथे तर तेल लावूच नका, घसरायला होईल. पाण्यात भिजवायचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. तळाचे थर फुगतात, वादीची शिलाई ढिली होते आणि वाळल्यावर कातडं पहिल्यापेक्षा कडक होतं.

पहिल्या दिवशी घरातच पंधरा मिनिटं घाला. या खोलीतून त्या खोलीत चाला. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. कमाटीबाग दुसऱ्या आठवड्यात. 1879 पासून ती तिथेच आहे, कुठे जात नाही. लग्नात घालायची असेल तर पंधरा दिवस आधी सुरुवात करा, मांडवात लंगडायची वेळ येणार नाही.

जिथे चावते असं वाटतं, तिथे आधीच चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर फोडू नका. तो बरा होईपर्यंत जुनी चप्पल वापरा.

घरात कुणाला मधुमेह असेल तर हे सगळं त्यांच्यासाठी नाही. त्यांच्या पायाला टोचलेलं अनेकदा कळत नाही आणि छोटी जखमही चिघळू शकते. आजोबांना हौसेनं कोल्हापुरी आणलीत, तर ती खोक्यातच राहू द्या. त्यांना मऊ, बंद, पायाला नीट बसणारं पादत्राण घ्या. हे मी अगदी कळकळीनं सांगतो.



पावसाळ्यात कोल्हापुरी घालू नका. कापडी पिशवीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, ते आठवा. तरीही जोड भिजलाच तर कोरड्या फडक्यानं टिपून पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलात तर तडा जाईल. थोडा दमटपणा उरला असतानाच दिवेलाचा हलका हात फिरवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या.