नियम झाला, सोय कुठे?

भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत दंगल उसळली होती. तेव्हापासूनचा हा वाद अजून शमलेला नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री कायमची कोंडण्याचा आदेश आधी दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला. या गदारोळात पाळीव कुत्र्यांविषयीचा नियम मात्र सोयीस्करपणे दृष्टीआड झाला आहे.

केंद्राच्या २०२३ च्या प्राणी प्रजनन नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांची, तर पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकाची आहे. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. पण कुत्रीचा गर्भकाळ दोन महिन्यांचा असतो, आणि एका वितीत चार-सहा पिले सहज होतात. ती वाटून संपत नाहीत. मग एखाद्या रात्री खोके मंडईच्या कोपऱ्यावर ठेवले जाते आणि खाजगी घरातले पिलू सार्वजनिक कुत्रे बनते. त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च पुढे नगरपालिकेलाच करावा लागतो. (तीही वेळेवर करील तर!)

बंगल्यात राहून उंची जातीचे कुत्रे मिरवणाऱ्यांची गय करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो चाळीतल्या कारकुनाचा, गावातल्या शिक्षकाचा. मादीची शस्त्रक्रिया पोट उघडून करावी लागते; त्यासाठी भूल, टाके, नंतरची देखभाल हे सारे आले. खाजगी दवाखान्यातला हा खर्च हजारांच्या घरात जातो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडण मुख्यतः गाईम्हशींसाठी झालेली आहे. ऐपत नसलेल्या माणसावर कर्तव्य लादून सरकार मोकळे झाले, असाच याचा अर्थ होतो.

परळ, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. तेथे आठवड्यातील एक दिवस अल्प उत्पन्न असलेल्यांच्या कुत्र्या-मांजरांसाठी राखून ठेवणे अवघड नाही. विद्यार्थ्यांचा हातही त्यात तयार होईल. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याच्या परवान्याचे शुल्क नाममात्र ठेवावे, न केलेल्याचे भरीव असावे, आणि पिले विकून पैसा करणाऱ्याकडून त्याहून अधिक वसूल करावे. या वसुलीतून गरजूंना साहाय्य देता येईल. त्यासाठी नवा कायदा नको. येत्या अंदाजपत्रकात त्याचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि वर्षाअखेरीस किती शस्त्रक्रिया झाल्या तो आकडा सभागृहापुढे ठेवावा.