राज्य मागावे कोणाजवळ?

बिरसीहून मुंबई सुमारे हजार किलोमीटरांवर; छत्तीसगडचे रायपूर तिच्या पाव अंतरावरही नाही. 1955 साली फाझल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. ती डावलली गेली. छत्तीसगडची शिफारस त्या आयोगाने केली नव्हती, तरी 1 नोव्हेंबर 2000 रोजी ते राज्य झाले. मग न्यायाचा निकष कोणता, असा आमचा प्रश्न आहे.

घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसद साध्या बहुमताने नवे राज्य घडवू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. आंध्र विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी 2014 मध्ये तेलंगण निर्माण झालेच. तेव्हा आड येतो तो कायदा नव्हे. आड येते ती सत्ताधाऱ्यांची सोय.

काही बंधू म्हणतील, एका भाषेचे घर का मोडता? ते मोडावेच, असा आमचा हट्ट नाही. 1967 साली गोव्याच्या जनतेला महाराष्ट्रातील विलीनीकरणाविषयी विचारले गेले. तिने नकार दिला आणि तो मानला गेला. विदर्भाच्या जनतेला असा कौल आजवर कोणी अधिकृतपणे विचारलेला नाही. उत्तर काहीही येवो. परंतु ज्यांचे घर, त्यांनाच विचारण्याचे भय का वाटावे?