कुत्रं पोहते, पण निंघते कुठून?



आज कपाशी नाही, संत्रा नाही. आज भांडण आहे, आणि ते दोघांशी आहे. एक, पिल्लाला विहिरीत नाहीतर शेततळ्यात फेकून ‘पोहणं शिकवणारे’ आपले पोट्टे. दुसरे, तळ्याची लांबी-रुंदी-खोली टेप लावून मोजणारे, पण त्यातून बाहेर यायची वाट कुठे आहे हे न विचारणारे आपले जाणकार. दोघांचा घोळ एकच आहे. पाण्यात पडणं दोघांना दिसतं, बाहेर निघणं कोणालाच दिसत नाही.

आपल्या सोनाळ्याकडे पावसाळा सरला की गावकुत्र्यांना पिल्लं होतात. दिवाळीच्या मागेपुढे झालेलं पिल्लू मार्च-एप्रिलात चार-पाच महिन्यांचं होतं. नेमकं तेव्हाच ऊन तापतं, पोट्टे विहिरीवर जातात आणि पिल्लू त्यांच्या मागं. मग एक जण त्याची मान धरतो, दुसरा मोबाईल काढतो. धप्प! वरून सगळे हसतात. कोणी बोललंच तर उत्तर ठरलेलं: “काही नाही होत भाऊ, कुत्र्याले काय शिकवा लागते? थे त पोटातूनच शिकून येते.”

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक आहे. कुत्रं पाण्यात पडलं की पाय मारतं, हे उपजत आहे. पण पाय मारणं वेगळं आणि पोहणं वेगळं. घाबरलेलं पिल्लू पुढचे पंजे पाण्यावर जोरजोरात आपटतं, मागचं अंग खाली जातं, ते पाण्यात उभं होतं आणि काही वेळात थकतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, काय मस्त पोहून राहिलं! ते पोहत नसतं, बुडायच्या आधीची धडपड करत असतं. सगळी कुत्री सारखी तरंगतही नाहीत. कारवान, पश्मी ही धावणारी, सडपातळ कुत्री. त्यांच्या अंगावर चरबी कमी, म्हणून पाण्यावर राहायला त्यांना जास्त कष्ट पडतात. शहरातून आणलेल्या बसक्या नाकाच्या पगला तर तोंड वर धरून श्वास घेणंच जड जातं. लॅब्राडॉरचं पाहून सगळ्या कुत्र्यांचा हिशेब मांडू नका. ती जात मुळात पाण्यातल्या कामासाठी तयार झालेली.

आता एक सांगा. तुम्ही स्वतः पोहणं कसं शिकले? कंबरेला दोर बांधून, पाठीला रिकामा डबा नाहीतर भोपळा बांधून. वर काका नाहीतर मोठा भाऊ दोर धरून उभा. पहिल्या दिवशी पायरीवर बसून नुसते पाय मारले असतील. पोराच्या पाठीला डबा आणि पिल्लाच्या मानेला धरून फेक, हा कुठला न्याय? जी रीत आपल्या बापजाद्यांनी पोरांसाठी लावली, तीच पिल्लाला लागते. आधी काठ, मग उथळ पाणी, मग खोल. आणि सगळ्यात आधी बाहेर यायची वाट.

याची खूण मी शेजारच्या धुऱ्यावर पाहिली. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या अस्तरीकरण केलेल्या तळ्यात राखणीचं मोठं कुत्रं मेलेलं सापडलं. ताकदीचं कुत्रं होतं, पोहता येत होतं. ते कसं मेलं हे प्लास्टिकवरच लिहिलं होतं. पाण्याच्या रेषेच्या वर शेवाळाचा बुळबुळीत थर होता आणि त्या थरावर नखांचे ओरखडे. एका जागी नाही, चारही बाजूंना, एकाच उंचीवर. म्हणजे ते पूर्ण तळं फिरलं. प्रत्येक ठिकाणी चढायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक ठिकाणाहून घसरलं. ते पोहणं न आल्यानं बुडालं नाही, वाट नसल्यानं बुडालं.

इथं माझा सवाल कृषीवाल्या मित्रांना आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली आणि गावोगाव तळी झाली. चांगलंच झालं, त्या पाण्यावर बागा जगल्या. पण हिशेब करून पाहा. तळं ३ मीटर खोल आणि बाजूचा उतार एकास दीड धरा. पाणी काठापासून १ मीटर खाली गेलं की ओल्या प्लास्टिकची चढण होते साधारण १.८ मीटर. २ मीटर खाली गेलं की ३.६ मीटर. उतार एकास एक असेल तर चढण थोडी कमी, पण थेट ४५ अंशांची. त्या गुळगुळीत प्लास्टिकवर नख रुतत नाही. माणूस चढताना घसरतो, तिथं कुत्रं काय चढणार?

म्हणजे भरलेल्या तळ्यापेक्षा अर्धं तळं जास्त धोक्याचं. आणि ते अर्धं कधी होतं? चैत्र-वैशाखात. त्याच दिवसांत कुत्रं तहानेनं पाण्याकडे जातं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः जीभ काढून धापा टाकत अंग थंड करतं. त्यासाठी त्याला पाणी लागतं. मंडळी, राखणीचं कुत्रं तळ्यात पोहायला जात नाही, पाणी प्यायला जातं. पाय घसरतो आणि आत पडतं. म्हणून पहिला उपाय फुकटातला आहे. खोपीजवळ सावलीत पाण्याचं टोपलं ठेवा, रोज भरा. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी किंवा औषधाचा रिकामा डबा मात्र त्याच्या तोंडाजवळ येऊ देऊ नका.

“मंग पिल्लाले पाणी दाखवावच नाही काय?” असं कोणी विचारेल. दाखवावं. जरूर दाखवावं. आपण सातपुड्याच्या पायथ्याला राहतो. नाले ओलांडल्याशिवाय शेत येत नाही. पाण्याला भिणारं कुत्रं नाल्याच्या अलीकडेच बसून राहील, जागलीला काय कामाचं? आणि फेकलेलं पिल्लू नेमकं तसंच होतं. ज्याला पाण्यात फेकलं, ते पाण्याला भितं आणि फेकणाऱ्या हातालाही भितं. ‘धाडस’ शिकवायच्या नावाखाली आपण भित्रं कुत्रं तयार करतो.

शिकवायची रीत अशी ठेवा:

१) पिल्लाच्या लसी पूर्ण होऊ द्या. साधारण चार महिन्यांच्या आधी साचलेल्या, चार कुत्री येतात-जातात अशा पाण्यात नेऊ नका. पार्व्होचा धोका असतो. उंदीर-घुशींच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसालाही होतो.

२) जागा वाळूच्या नाहीतर मातीच्या सपाट उताराची, संथ पाण्याची. विहीर नाही, कालवा नाही, प्लास्टिकचं तळं तर अजिबात नाही. पावसाळ्यात नालाही नाही. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असताना लोंढा येतो, हे आपल्याला सांगायला नको.

३) आधी तुम्ही पाण्यात जा. पाणवठ्याला सरावलेलं मोठं कुत्रं सोबत असेल तर उत्तम. पिल्लू त्याच्या मागं आपसूक येतं. ओढू नका, ढकलू नका. पहिले दोन-तीन दिवस नुसते पंजे भिजले तरी पुष्कळ झालं.

४) पाणी छातीला लागलं की पोटाखाली हात द्या. मागचं अंग वर राहिलं की ते स्वतःच सरळ पोहतं. दोन-चार मिनिटं झाली की बाहेर.

५) हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक वेळी एकाच जागेवरून बाहेर काढा. मग दुसऱ्या बाजूनं पाण्यात न्या आणि त्याच जागेवरून निघायला लावा. ‘वाट तिथं आहे’ हे त्याच्या डोक्यात बसलं म्हणजे शिकवणी झाली. नुसतं पोहता आलं म्हणजे झाली नाही.

६) गळ्यात साखळी किंवा लोंबता दोर ठेवून मोकळं सोडू नका, काटक्यात-मुळात अडकतो. तुम्ही धरलेला लांब दोर चालतो. बाहेर आलं की कान आतून कोरडे करा. दिवसभर पाण्यात काठी फेकून आणायला लावू नका, तोंड उघडं ठेवून पोहताना पोटात फार पाणी जातं आणि त्यानंही कुत्रं दगावू शकतं. हिरवट-निळी साय आलेल्या पाण्यात तर पायही नको. त्यातलं शेवाळ विषारी असू शकतं.

आता तळ्याचं. पिल्लाला कितीही शिकवलं आणि तळ्याला वाटच नसली, तर सगळी शिकवणी पाण्यात. मोटारसायकलचे जुने टायर घ्या, नायलॉनच्या दोरानं एकाखाली एक बांधा, झाली शिडी. वरचं टोक बांधाच्या पलीकडे खुंट्याला बांधा, प्लास्टिकला भोक पाडू नका. ३ मीटर खोलीच्या आणि एकास दीड उताराच्या तळ्यात काठापासून तळापर्यंत उताराची लांबी सुमारे ५.४ मीटर भरते. म्हणून शिडी तळापर्यंत पोहोचेल एवढी करा, खुंट्यापर्यंतचा दोर वेगळा धरा. भरलेलं तळं पाहून दोन मीटरची शिडी सोडली तर वैशाखात ती हवेत लटकेल.

शिड्या समोरासमोरच्या बाजूंना दोन टाका. पाण्यात पडलेलं जनावर मधे फिरत नाही, काठाकाठानं वाट शोधतं. ३० बाय ३० च्या तळ्याचा घेर १२० मीटर. शिडी एकच असली आणि कुत्रं उलट्या बाजूनं निघालं तर त्याला जवळपास पूर्ण घेर पोहावा लागेल. समोरासमोर दोन असल्या तर ६० मीटरच्या आत एक लागतेच. अमेरिकेत गुरांच्या पाण्याच्या टाक्यांत रानातल्या जनावरांसाठी अशाच उतरंडी बसवतात. त्यांचाही नियम हाच, की उतरंड काठाला चिकटून पाहिजे, म्हणजे काठानं येणारं जनावर तिच्यावर आदळेल.

विहिरीत दगडी पायऱ्या असतील तर त्या मोकळ्या ठेवा. नसतील तर जाड लाकडाचा ओंडका दोरानं बांधून पाण्यावर सोडून ठेवा. कुत्रं त्यावर पुढचे पाय टेकून दम खाईल, तोवर तुम्ही पोहोचाल. काढायला बाज सोडा, चारही कोपरे बांधून. जुन्नर भागात विहिरीत पडलेल्या बिबट्यालासुद्धा खाट सोडून आधार देतात, आपलं तर कुत्रंच आहे. स्वतः उडी मारू नका. घाबरलेलं कुत्रं माणसाच्या अंगावर चढतं आणि दोघंही जातात. बाहेर काढल्यावर डोकं खाली करून तोंड-नाक मोकळं करा, पुसून ऊब द्या आणि डॉक्टरला दाखवा. चालायला लागलं म्हणून सोडून देऊ नका, फुफ्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनी सुरू होतो. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२ आहे.

“टायरनं प्लास्टिक फाटते.” फाटेल, तारा निघालेला टायर टाकला तर. तशा टायरला हात लावू नका, आणि शिडीखाली उरलेल्या प्लास्टिकची एक पट्टी टाका. “खर्च कोण करीन?” जुने टायर आणि दोर. ड्रिपच्या एका बंडलाच्या पुढे हा खर्च कुठंच नाही. “एका कुत्र्यापायी एवढं?” एका कुत्र्यापायी नाही. अंबाबरवा आपल्या उशाला आहे. उन्हाळ्यात रोही, हरीण, रानडुक्कर पाण्यासाठी खाली उतरतं, आणि मेलेलं जनावर तळ्यात सडलं की तेच पाणी ड्रिपमधून बागेला जातं. त्याहून मोठी गोष्ट ही की त्याच प्लास्टिकवरून माणसाचं पोरही घसरतं. तळ्यात पोरं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. कुत्र्यासाठी टाकलेली शिडी पोराच्याही हाताला लागते.

कृषीवाल्या मित्रांनो, नवीन तळ्याचा आराखडा करताना काठाला दोन शिड्या काढा. शिडी दिसल्याशिवाय मोजणीच्या कागदावर सही करू नका. एवढी ओळ वाढवायला कोणाच्या परवानगीची वाट पाहता? आणि पोट्टेहो, पुढच्या वेळी पिल्लाची मान धराल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा की जनावराला विनाकारण छळणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तुमची रील हाच पुरावा आहे.

ज्यांच्या तळ्यात शिडी आहे त्यांनी खाली फोटो टाका, म्हणजे बाकीच्यांना बांधायची रीत कळेल. ज्यांच्याकडे नाही त्यांनी या रविवारी टायर शोधा. वैशाखाची वाट पाहू नका.