वेशीवरची नाकाबंदी

कुप्पम हा आंध्र प्रदेशाच्या चित्तूर जिल्ह्यातला, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या सीमांना टेकलेला ग्रामीण मतदारसंघ. १९८९ पासून तिथून चंद्राबाबू नायडूच निवडून येत आले आहेत. ४ जानेवारी २०२३ रोजी, विरोधी बाकांवर असताना, ते याच मतदारसंघातल्या गावांच्या दौऱ्यावर निघाले आणि पोलिसांनी त्यांना रस्त्यातच अडवले. कारण होते दोनच दिवसांपूर्वी निघालेला एक शासन आदेश. १८६१ च्या पोलीस कायद्याचा आधार घेऊन जगनमोहन रेड्डी सरकारने राष्ट्रीय महामार्गापासून पंचायतीच्या रस्त्यापर्यंत कुठेही सभा-मिरवणुका घेण्याला जवळजवळ बंदीच घातली होती. अपवाद होता तो ‘दुर्मीळ’ परिस्थितीपुरता, आणि परिस्थिती दुर्मीळ आहे की नाही हे ठरवणार पोलीसच. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी केलेला कायदा स्वतंत्र भारतातल्या आमदाराला त्याच्याच मतदारांपासून लांब ठेवायला उपयोगी पडला. हा आदेश उच्च न्यायालयाने रद्द केला, पण तोवर मे महिन्याची १२ तारीख उजाडली होती.

पुढे जे झाले ते अधिक बोलके आहे. २०२४ मध्ये सत्ता पालटली. जून २०२५ मध्ये जगनमोहन पलनाडू जिल्ह्यातल्या रेंटपाळ्ळा गावी मृत कार्यकर्त्याच्या कुटुंबाला भेटायला निघाले, तेव्हा नायडू सरकारच्या पोलिसांनी मोजक्या गाड्या आणि शंभर माणसे अशी अट घातली. जुलैत ते बंगारुपालेमच्या बाजार आवारात तोतापुरी आंब्याचे भाव कोसळलेल्या शेतकऱ्यांना भेटायला गेले, तेव्हा मर्यादा पाचशेची. अडवणारे आणि अडणारे यांनी जागा बदलल्या, नाका तिथेच राहिला. नायडूंना तर हा अनुभव महाराष्ट्रातही आलेला आहे. जुलै २०१० मध्ये गोदावरीवरचा बाभळी बंधारा पाहायला आमदारांना घेऊन ते निघाले, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादला त्यांना अटक झाली आणि चार दिवसांनी विमानाने हैदराबादला परत पाठवण्यात आले. सप्टेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीच्या काळात कोल्हापूरकडे निघालेल्या किरीट सोमय्यांना कऱ्हाडला थांबवले गेले. म्हणजे हा अमुक पक्षाचा दुर्गुण म्हणून सांगता येणार नाही. ज्याच्या हाती गृहखाते, त्याच्या हाती नाका.

नेता अडला की बातमी नेत्याची होते. त्याची गाडी, त्याची पोलिसांशी हुज्जत, त्याने रस्त्यावर मांडलेली बैठक, सारे टीव्हीवर दिसते. खरे नुकसान मात्र पलीकडच्या गावातल्या माणसाचे होते. शहरातल्या नागरिकाला तक्रार पोचवायला दहा वाटा असतात. गावातल्या माणसाचा तलाठी, ग्रामसेवक, सोसायटीचा सचिव, ठाण्याचा फौजदार हे सगळे या ना त्या रीतीने सत्तेच्या साखळीतले, आणि अनेकदा तक्रारच त्यांच्यापैकी कुणाविरुद्ध असते. बाहेरून येणारा विरोधी नेता ही त्याच्यासाठी साखळीबाहेरची एकमेव कडी. तीच तोडली की गावात काय घडले याची एकच हकिगत उरते, ती म्हणजे प्रशासनाची. उत्तर प्रदेशातल्या हाथरसला सप्टेंबर २०२० मध्ये अत्याचारानंतर मरण पावलेल्या दलित मुलीवर पोलिसांनी मध्यरात्री अंत्यसंस्कार उरकले. १ ऑक्टोबरला राहुल आणि प्रियांका गांधींना यमुना द्रुतगती मार्गावर रोखले गेले, दुसऱ्या दिवशी तृणमूलच्या खासदारांना. ३ तारखेला पाच जणांना आत सोडले. पाच माणसे ३ तारखेला जाऊ शकत होती, तर १ तारखेला का नाही, याचे समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही.

अडवण्याची सारी युक्ती या वेळेच्या हिशेबात आहे. आदेश टिकावा अशी अपेक्षाच नसते. तो दोन दिवस पुरला तरी काम झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या संदेशखालीत जमावबंदी लागू झाली, कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रद्द केली, प्रशासनाने पुन्हा लावली. भाजपचे शुभेंदू अधिकारी आणि मार्क्सवाद्यांच्या वृंदा कारत या दोन टोकांच्या नेत्यांना गावात जाण्याआधी एकाच घाटावर थांबावे लागले. कायदा काय म्हणतो यात तसा गोंधळ नाही. रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येईल, पण त्या सरसकट बंद पाडता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने हिंमतलाल शाह खटल्यात पन्नास वर्षांपूर्वीच सांगितले. अनुराधा भसीन प्रकरणात २०२० मध्ये तेच न्यायालय म्हणाले की जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील आणि रास्त गाऱ्हाणे दडपण्यासाठी ते वापरता येणार नाहीत. निकाल असे स्पष्ट असूनही नाके उभे राहतात, कारण निकाल महिन्यांत येतो आणि दौरा दिवसांचा असतो.

गर्दीचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. आंध्रचा तो आदेश हवेतून आला नव्हता. २८ डिसेंबर २०२२ रोजी कंदुकूरला नायडूंच्याच कार्यक्रमात चेंगराचेंगरी होऊन ८ जण गेले, चार दिवसांनी गुंटूरला आणखी ३. रेंटपाळ्ळ्याच्या दौऱ्यात एक समर्थक ताफ्यातल्या वाहनाखाली आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या करूरला अभिनेते विजय यांच्या सभेत ४१ माणसे मेली. नेत्यांना गर्दीचा सोस असतो. उशिरा पोचायचे, अरुंद रस्त्यावर गाडी थांबवायची आणि चित्रीकरणात माणसे दाट दिसली म्हणून खूश व्हायचे, हे सर्वपक्षीय आहे. म्हणून गाड्या मोजा, माणसे मोजा, मैदान ठरवून द्या, वेळ पाळली नाही तर आयोजकांवर गुन्हा नोंदवा. या हिशेबाने रेंटपाळ्ळ्याची शंभर माणसांची अट मला समजण्यासारखी वाटते, कारण तिने भेट होऊ दिली. पण कुप्पमचा आदेश त्या जातीचा नव्हता. शिवाय सत्ताधाऱ्यांच्या सभांना एसटीच्या गाड्या भरभरून माणसे येतात तेव्हा हीच चिंता कुठे जाते?

दुसरा आक्षेप असा की ही मंडळी दुःखाचे भांडवल करायला जातात. करतात, यात वाद नाही. ऑगस्ट १९७७ मध्ये पराभूत इंदिरा गांधी पुरातून हत्तीवर बसून बिहारमधल्या बेलचीला गेल्या, ती काही निव्वळ करुणा नव्हती. त्यांच्या पुनरागमनाची सुरुवात तिथूनच धरतात. पण बेलचीचे दलित हत्याकांड देशाच्या डोळ्यांपुढे ठसले तेही त्या भेटीमुळे, आणि जनता सरकारने त्यांची वाट अडवली नाही. हेतू शुद्ध आहे का, हे तपासणे पोलीस उपअधीक्षकाचे काम नव्हे.

मग गावानेच दार लावले तर? मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २०२३ च्या ऑक्टोबरात मराठवाड्यातल्या गावोगावी वेशीवर ‘नेत्यांना गावबंदी’चे फलक लागले. तो राग सत्ताधारी आणि विरोधक दोघांवर होता आणि तो गावाचा स्वतःचा होता. आमच्याशी बोलू नका, असे म्हणण्याचा हक्क गावकऱ्याला आहेच. तरीही शेजाऱ्याला बोलायचे असेल तर त्याला रोखण्याचा हक्क ना फलक लावणाऱ्याला आहे, ना ग्रामपंचायतीला. आणि ‘स्थानिकांचा विरोध’ हा शब्द पोलीस वापरतात तेव्हा ते स्थानिक नेमके कोण, हे विचारलेच पाहिजे. बहुधा ते सत्ताधारी पक्षाचे पदाधिकारी निघतात.

महाराष्ट्रात हे सगळे आणखी सोपे आहे. मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश जिल्ह्या-जिल्ह्यांत पंधरा-पंधरा दिवसांसाठी निघतच असतात. मंत्र्याचा दौरा असला की कार्यकर्त्यांच्या घरी नोटीस जाते. लोकप्रतिनिधीला अडवायचे असेल तर आदेश लेखी हवा, त्यात त्याच दौऱ्यापुरती कारणे हवीत, पर्यायी वेळ आणि जागा हवी आणि जिल्हा न्यायाधीशाने चोवीस तासांत तो तपासावा. एवढी दुरुस्ती विधिमंडळाला एका अधिवेशनात करता येईल. आज विरोधात असलेल्यांनी ती मागावी, आणि सत्तेत असलेल्यांनी कुप्पम आणि रेंटपाळ्ळा नकाशावर शोधून मग तिच्यावर मत द्यावे.